आक्का, तू खरं तेच सांगत होतीस

आक्का,

तू गेल्यापासून बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरलेलीच आहे. माणसं येतात, भिंतीला टेकून बसतात, थोडा वेळ खाली बघत राहतात आणि मग कुणीतरी म्हणतं, "सुटली बिचारी. लय भोगलं तिनं." दुसरं कुणीतरी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणतं, "तुमी बी सुटलासा म्हणायचं. येड्या माणसाचं करणं सोपं न्हाई." मी हात जोडतो. मान हलवतो. परवा पलूसचे काका हेच बोलले तेव्हाही मी मान हलवली. आतल्या दारात श्रुती उभी होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं की ती हललेली मान कुठं ठेवावी मला कळेना. माझी मुलगी माझ्याकडे असं कधी बघेल असं वाटलं नव्हतं.

तुला आडून बोललेलं कळायचं नाही आणि मला सरळ बोलायची सवय नाही. आयुष्यभर आपलं हेच अडलं. आज सरळ बोलायचा प्रयत्न करतो.

पलूसजवळच्या मळ्यात आपण वाढलो. आप्पा जैन धर्माचे कडक. सूर्य बुडायच्या आत जेवण, पाणी गाळूनच, कांदा-बटाटा घरात नाही, चातुर्मासात पालेभाजी नाही. मला सगळा जाच वाटायचा. शाळेतल्या मित्राच्या डब्यातली कांदाभजी मी चोरून खायचो आणि घरी आल्यावर चूळ भरायचो. तुला मात्र त्या नेमाचा आधार होता. ताटात भाजी डावीकडं आली तर तू हात मागं घ्यायचीस. बस्तीच्या देवळात दर्शनाला जाताना आई एखाद्या दिवशी पलीकडच्या बोळातून निघाली तर तू वाटेतच बसायचीस, आणि आपल्या नेहमीच्या वाटेनं नेल्याशिवाय उठायची नाहीस. आप्पा कौतुकानं सांगायचे, "माझी पद्मा नेमाची लय पक्की. ही पुढं दीक्षा घेती का काय!" नेमानं चालणाऱ्या घरात तुझं वेगळेपण पुण्याईत जमा झालं. दुसऱ्या एखाद्या घरात ते कदाचित लवकर दिसलं असतं.

आई जतकडची, तिच्या माहेरी निम्मं बोलणं कानडीत. तुला त्या भाषेचं वेड लागलं. वेड म्हणायला आता जीभ अडखळते, पण त्या वेळी आम्ही कौतुकानंच म्हणायचो. "म्हावीर, तूप म्हणजे तुप्प. अडकित्ता बी त्यांचाच. तू मला आक्का म्हणतोस ना, त्यो शब्द बी कानडी." पाहुण्यांना पाणी देताना, भाकरी वाढताना, बस्तीच्या पायऱ्यांवर, तू हेच सांगत राहायचीस. समोरचा कंटाळला आहे हे तुला दिसायचं नाही. मला दिसायचं. मी तुझा पदर ओढायचो. तू म्हणायचीस, "थांब की, अजून गुंडीचं सांगायचं हाय."

मग तुला साताऱ्याला दिलं. घर चांगलं होतं, माणसं शिकलेली होती. मुलगा, म्हणजे माझे भावजी, बँकेत. लग्नात तू सगळ्या मांडवात एकटीच शांत दिसत होतीस, म्हणून सासरच्यांना पोर मोठी सालस वाटली. तू शांत नव्हतीस. बँडच्या आवाजानं तू आतल्या आत गोठली होतीस. हे तू मला अनेक वर्षांनी सांगितलंस, आणि तेही मी विचारलं म्हणून नाही.

सासरी पहिली गंमत झाली ती तुझ्या बोलण्याची. आपल्याकडच्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात. तूही म्हणायचीस. साताऱ्याच्या जावा हसल्या. तू त्यांना विचारलंस, "यात हसण्यासारखं काय हाय?" त्यांना वाटलं तू भांडतेस. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं. मग सासूबाईंच्या मैत्रिणीला तू म्हणालीस, "ही गोष्ट तुमी गेल्या खेपेला बी सांगितली होती, तवा शेवट वेगळा होता." घरात दोन दिवस अबोला. त्यात सणासुदीची वर्दळ, काठाच्या साड्या टोचणाऱ्या, स्वयंपाकघरात एका वेळी पाच बायकांचा कालवा. एका गौरीच्या दिवशी तू न्हाणीघरात शिरलीस, कडी घातलीस आणि कानांवर हात ठेवून तशीच बसून राहिलीस. बाहेरून दार वाजवलं की तू पुढं-मागं झुलत मोठ्यानं कानडी शब्द म्हणायचीस. तेवढं एकच सुरक्षित होतं तुझ्याकडं. बाहेर उभ्या असलेल्यांना ती बडबड वाटली. आधी कुणी म्हणालं अंगात आलंय. मग भावजींचा आप्पांना फोन आला. "तुमची मुलगी घेऊन जा. आम्हाला सांगायला हवं होतं तुम्ही."

आप्पा साताऱ्याहून तुला घेऊन आले तेव्हा ते वाटभर मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले होते. तू मात्र येताना खिडकीतून पाट्या वाचत होतीस. तुला सुटल्यासारखं वाटत होतं. आणि नेमकं तेच, घर मोडलं तरी पोर रडत नाही हे, सगळ्यांना वेडाचं लक्षण वाटलं.

मी तेव्हा औषधशास्त्राचा डिप्लोमा करून सांगलीत दुकान टाकलं होतं. घरात औषधातलं कळणारा मीच, म्हणून डॉक्टरांकडं तुला मीच घेऊन गेलो. ती खोली मला अजून आठवते. बाहेर बाकांवर माणसं खेटून बसलेली, डॉक्टरांच्या कपाळाला घाम.

"तुम्हाला आवाज ऐकू येतात का?" त्यांनी विचारलं.

"येतात," तू म्हणालीस.

"कसले?"

"पंख्याचा येतो. ट्यूबलाइटचा येतो. पलीकडच्या खोलीतल्या बाईंचा येतो."

"इतरांना ऐकू येत नाहीत, फक्त तुम्हालाच येतात, असे आवाज?"

"व्हय. ट्यूबलाइटचा म्हावीरला येत न्हाई म्हणतो."

"लोक तुमच्याबद्दल बोलतात असं वाटतं?"

"वाटत न्हाई. बोलतातच."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या एका बघण्यात तुझी पुढची सगळी वर्षं ठरली. त्यांना दोष द्यायचा नाही मला. त्यांना तू पाच मिनिटं माहीत होतीस. मला तू माझ्या जन्मापासून माहीत होतीस. "डॉक्टर, हिचं बोलणं असंच आहे, लहानपणापासून आहे," एवढं एक वाक्य मी बोलू शकलो असतो. ते मला सुचलंच नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की त्या खोलीत मला हलकं वाटत होतं. तुला काय झालंय याला एक नाव मिळालं होतं. नाव मिळालं की औषध मिळतं, आणि औषध तर माझ्या दुकानातच होतं.

त्या गोळ्यांनी तू झोपायला लागलीस. चालताना पाय फरफटायचे, हात थरथरायचे, अंग सुटलं. ओठाच्या कडेला लाळ यायची, ती पुसायचंही तुला सुचायचं नाही. मध्ये कधी डॉक्टर बदलले, आजाराचं नाव बदललं, एक गोळी जाऊन दोन आल्या. कानडी शब्द थांबले. आई सांगायची, "आता लय शांत झाली बघ. कुणाला तरास न्हाई." आम्ही त्याला बरं होणं म्हणत होतो.

आई-आप्पा गेल्यावर तू माझ्याकडं, दुकानाच्या वरच्या खोलीत राहायला आलीस. तुझ्या भावजयीनं, राजश्रीनं, तुझं सगळं केलं, तिला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण मी काय केलं ते सांगतो. दुकानात गिऱ्हाईक असताना जिन्यावर तुझी पावलं वाजली की मी वर बघून राजश्रीला खूण करायचो आणि ती तुला आत न्यायची. एकदा तू खाली आलीसच, तेव्हा एका नव्या गिऱ्हाइकानं विचारलं, "ह्या कोण?" मी म्हणालो, "असतात इथं." तू शेजारी उभी होतीस. तुला वाईट वाटलं का ते तुझ्या तोंडावर दिसलं नाही, म्हणून मी धरून चाललो की नाही वाटलं.

जुने डॉक्टर थकले, दवाखाना बंद केला, म्हणून आपण मिरजेला एका तरुण डॉक्टरीणबाईंकडं जायला लागलो. मी पहिल्याच दिवशी घाईनं सांगितलं, "जुनी केस आहे, गोळ्या तेवढ्या लिहून द्या." त्या म्हणाल्या, "बसा जरा." आणि माझ्याकडं न बघता तुला विचारलं, "जुन्या कागदावर लिहिलंय, तुम्हाला आवाज येतात. आत्ता येतोय का एखादा? कुठून येतोय?"

तू छताकडं बोट केलंस. "त्या डाव्या ट्यूबचा. लय बारीक हाय."

त्या उठल्या आणि त्यांनी ती ट्यूब बंद केली.

"आता?"

"आता गेला," तू म्हणालीस.

मला हसू आलं होतं, आक्का. त्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी आपल्याला पुन्हा पुन्हा बोलावलं. एका भेटीत ठरवायची गोष्ट नाही म्हणाल्या. तुझ्याशी वेगळं बोलल्या, माझ्याशी वेगळं. मला लहानपणाचं विचारलं तेव्हा मी ताटातली भाजी सांगितली, बस्तीची वाट सांगितली, तूप आणि अडकित्ता सांगितला. सांगता सांगता माझा आवाज मलाच बारीक होत गेलेला ऐकू आला. हे सगळं मला माहीत होतं. आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं एवढंच, आणि मीही होऊन सांगितलं नव्हतं.

शेवटी त्यांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं. "यांना ऑटिझम आहे. स्वमग्नता म्हणतात मराठीत, पण मला तो शब्द तितकासा पटत नाही. या स्वतःत मग्न नाहीत, यांना बाहेरचं जरा जास्तच येतं."

मी म्हणालो, "पण तो लहान मुलांना असतो ना?"

"ती मुलं मोठी होतात की, साहेब."

मग त्यांनी सावकाश समजावलं. भास होणारा माणूस नसलेला आवाज ऐकतो, या असलेला आवाज ऐकतात, आपल्याला तो जाणवत नाही इतकंच. संशयाचा आजार असला तर पुराव्याशिवाय वाटतं की लोक आपल्यावर टपलेत, यांच्याबद्दल तर लोक खरंच बोलत होते. आणि असे आजार बहुतेक वेळा कुठल्यातरी वयात सुरू होतात, आधीचं माणूस वेगळं असतं. यांचं तसं आधी-नंतर नाही. या पहिल्यापासून अशाच आहेत. "दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, म्हणून मी वेळ घेतला," त्या म्हणाल्या. "उदासपणा यांना आहे, तो खरा आहे. त्याचं औषध चालू ठेवू. पण तो इतकी वर्षं चुकीचं समजलं जाऊन आलेला आहे असं मला वाटतं. बाकीच्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, माझ्या देखरेखीखाली हळूहळू कमी करू."

निघताना त्या मला दारात थांबवून म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. यांच्या चेहऱ्यावर जाऊ नका. चेहऱ्यावर उमटेलच असं नाही. या जे बोलतील ते जसंच्या तसं खरं धरा."

मी हो म्हणालो.

परत येताना रिक्षात तू विचारलंस, "म्हणजे मी येडी नव्हतो?"

"न्हाई, आक्का."

"मग मला गोळ्या कशापायी दिल्या?"

रिक्षावाला आरशातून बघत होता. मी म्हणालो, "घरी गेल्यावर बोलू." घरी गेल्यावर आपण बोललो नाही. तू नंतरही विचारलंस, तितक्याच सरळ आवाजात, रागाचा लवलेश नसताना. प्रत्येक वेळी मला गिऱ्हाईक आलं.

गोळ्या उतरत गेल्या तशी तू परत यायला लागलीस. आधी हातांची थरथर गेली. श्रुतीनं तुला कानाला लावायचं जाड हेडफोन आणून दिलं, ते घालून तू पहिल्यांदा स्वतःहून बाजारात गेलीस. आणि एका सकाळी भाकरीवर तूप वाढताना राजश्रीला म्हणालीस, "ह्याला तुप्प म्हणायचं." राजश्रीनं मला हाक मारली. मी दाढी अर्धी ठेवून आलो. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो आणि तू अडकित्ता, गुंडी, आक्का, आण्णा, सगळं पहिल्यापासून सांगितलंस. मी या वेळी पदर ओढला नाही.

तुला जतला न्यायचं श्रुतीनंच काढलं. आईच्या माहेरी आता कुणी राहिलेलं नाही, तरी आपण गेलो. ज्वारी काढून झाली होती, रानं रिकामी, रस्त्याला पाण्याचा टँकर उभा. माळावर एक धनगरीण मेंढरं घेऊन बसली होती. तू हेडफोन काढलंस आणि सरळ तिच्यापाशी जाऊन कानडीत बोलायला लागलीस. ती आधी बिचकली, मग हसली, मग तिनं तुझी काहीतरी चूक दुरुस्त केली आणि तू खुशीनं टाळी वाजवलीस. तुम्ही बोलत बसलात. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. गाडीला टेकून मी बघत होतो, माझी बहीण हसताना कशी दिसते ते. त्या दुपारसाठी मी श्रुतीचा ऋणी आहे. त्या धनगरणीचाही. तुझ्या वाट्याला आलेल्या त्या दोन बऱ्या वर्षांचाही मी ऋणी आहे, जरी ती मी तुला दिली नाहीत.

आपलं भांडण त्याच सुमाराला सुरू झालं. तुला नवीन नाव मिळालं आणि तू ते सगळ्यांना सांगायला लागलीस. दूधवाल्याला सांगितलंस, बस्तीतल्या बायकांना सांगितलंस, गिरणीत दळण ठेवताना सांगितलंस. "मला ऑटिझम हाय. मी येडी न्हाई. आधी चुकून तसं लिवलं होतं." श्रुतीचं लग्न जमवायचं चाललं होतं तेव्हा. साताऱ्याचंच स्थळ आलं होतं. मी तुला म्हणालो, "आक्का, जरा गप राहा. लोक त्याचा भलता अर्थ काढतील. पोरीत पण असेल म्हणतील."

तू विचारलंस, "येडी म्हणालेलं चालत होतं, मग हे का चालत न्हाई?"

"तसं नव्हे गं. येडी आहे हे सगळ्यांना माहीतच होतं. त्याचं काही नवीन नव्हतं."

"पण ते खोटं होतं."

"असू दे खोटं. आत्ता नको."

"मग कवा?"

या "मग कवा"वर मी जिना उतरून दुकानात गेलो. तू मात्र माझं ऐकलंस. तू कुणाला काही सांगणं बंद केलंस. मला वाटलं, समजूतदार झाली. खरं तर मी तुला पुन्हा एकदा न्हाणीघरात घालून बाहेरून कडी लावली होती.

आता त्या दिवसाचं सांगायला हवं. ते मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

दुपार होती. दुकानात गर्दी होती, थंडी-तापाची साथ चाललेली. तू जिना उतरून आलीस आणि काउंटरच्या कडेला उभी राहिलीस. "म्हावीर, पोटात दुखतंय. लय."

मी तुझ्याकडं बघितलं. तोंडावर काही नाही. आवाज नेहमीचा, भाजीत मीठ जास्त झालंय हे सांगावं तसा.

"लय म्हणजे किती?"

"लय म्हणजे लय."

मी बाटलीतून ॲसिडिटीची गोळी काढली आणि तुझ्या हातावर ठेवली. तू ती गोळी बघितलीस आणि म्हणालीस, "हे तसलं न्हाई. उजवीकडं हाय." मागं माणसं उभी होती. मी म्हणालो, "घे आणि पड जरा." राजश्री वरून म्हणाली, "आवं, दवाखान्यात नेऊ या का? आक्का कधी असं म्हणत नाहीत." मी म्हणालो, "एवढं दुखत असतं तर अशी उभी राहिली असती का?"

चेहऱ्यावर जाऊ नका, असं मला सांगितलं होतं. मी हो म्हणालो होतो. जन्मभर तू जे बोललीस ते खरं निघालं होतं. तरी वेळ आली तेव्हा मी तुझ्या शब्दांवर नाही, तुझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू उठली नाहीस. अंग तापलेलं, पोट फळीसारखं कडक. रिक्षातून आम्ही तुला सांगलीतल्याच एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आधीचा काही आजार?" तिथं ओळखीची माणसं उभी होती. मागं ओळ होती. नवीन शब्द लांब होता, तो समजावून सांगावा लागला असता. मी म्हणालो, "मेंटलची ट्रीटमेंट चालू असते."

डॉक्टरांचा हात तुझ्या पोटावरून जरा लवकर उचलला गेला असं मला वाटलं. खरंच तसं झालं की मला आता तसं आठवतंय, सांगता येत नाही. "बघू या, इंजेक्शन देऊ, निरीक्षणाखाली ठेवू," ते म्हणाले. तू त्यांना म्हणालीस, "लय दुखतंय." त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला ओळखीचं होतं.

सोनोग्राफी झाली ती दुपारनंतर. अपेंडिक्स फुटलं होतं, पू पोटभर पसरला होता. ऑपरेशन झालं. सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, "फार सोसलं यांनी. कुणी इतका वेळ गप कसं राहू शकतं?" मी त्यांना सांगितलं नाही की तू गप नव्हतीस. तू तीन वेळा सांगितलं होतंस, सरळ मराठीत. एक दिवस आधी आणलं असतं तर काय झालं असतं असं मी विचारलं. ते म्हणाले, "तसं ठामपणे सांगता येत नाही." ते त्यांनी दयेनं म्हटलं असावं. ती दया घेऊन मी काय करू ते मला कळत नाही.

आयसीयूत मला थोडा वेळ आत सोडलं. तू जागी होतीस. मशीनच्या आवाजानं तुझ्या कपाळाला आठी पडली होती. श्रुतीनं पाठवलेलं हेडफोन मी तुझ्या कानावर ठेवलं, ती आठी गेली. एवढं एक काम मी बरोबर केलं. मला माफी मागायची होती. पण कानावर ते असताना तुला ऐकू आलं नसतं, आणि काढलं असतं तर तुला त्रास झाला असता. मी हात धरून बसलो. तुला हात धरलेला आवडायचा नाही हे मला उशिरा आठवलं. मी हात सोडला आणि नुसता बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून सांगतो. श्रुतीच्या स्थळाची माणसं साताऱ्याहून भेटायला आली. मुलाच्या वडिलांनी थोडं इकडचं-तिकडचं बोलून विचारलं, "ताईंना आधीपासून काहीतरी होतं असं कानावर आलं होतं."

मी म्हणालो, "पोटाचं झालं हो. अचानक."

"तसं नव्हे, मानसिक..."

मी सतरंजीकडं बघत राहिलो. चहाचा ट्रे घेऊन आलेली श्रुती तशीच उभी राहून म्हणाली, "आत्याला ऑटिझम होता. वेड नव्हतं. आम्हाला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही आम्ही तिला नीट ऐकलं नाही." मुलाच्या आईनं उचललेला कप खाली ठेवला. त्या वाईट बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं ते गेले.

श्रुती आत येऊन म्हणाली, "बाबा, तुम्हाला विचारलं होतं त्यांनी. मला नाही."

त्यांचा फोन अजून आलेला नाही. श्रुती म्हणते, नाही आला तर नाही, ज्यांना चालत नाही त्यांच्याकडं मला जायचंही नाही. ती खरंच असं म्हणते, आणि माझ्या पोरीत हा सरळपणा कुठून आला ते मला ठाऊक आहे. पण मी फोनची वाट बघतो, आक्का. मोबाईल वाजला की आधी सातारा आहे का ते बघतो. तू जाऊन इतके दिवस झाले तरी माझ्यातला तो माणूस गेलेला नाही. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या गोळीचीही वाटत नाही. त्या दुपारी मी चुकलो होतो. हे मी रोज करतोय.

आज सकाळी दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक म्हणून गिरणीवाल्या मावशी आल्या, गुडघ्याच्या मलमाला. त्यांच्या मागं दोन माणसं चिठ्ठ्या घेऊन उभी होती. मावशी मलम पिशवीत टाकत म्हणाल्या, "ऐकलं बाई. तुमची ती येडी बहीण गेली म्हणं. लय वाईट वाटलं."

मान हलणार होती. सवयच झालीय तिला. मी दोन्ही हात काउंटरवर टेकले आणि म्हणालो, "मावशी, ती येडी नव्हती. तिला ऑटिझम होता. तिला आवाज आपल्यापेक्षा जास्त ऐकू यायचे आणि ती जे बोलायची ते खरं असायचं. चुकीच्या आजाराच्या गोळ्या तिला वर्षानुवर्षं दिल्या. मीच दिल्या."

मावशींनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "ती मला गिरणीत सांगत होती की हे. मला वाटलं, येड्याचं बोलणं. मग आमी सगळी तिला उगंच येडी म्हणत होतो व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. "मी पण."